होन्नेगुड्ड्यावरच्या ताटल्या

५ जानेवारी, रविवार

गिरीराजच्या बँकेतनं दरवर्षी एक डायरी येते आणि दरवर्षी मी तिच्यात दुधाचे खाडे लिहिते. यंदा म्हटलं, दूधवाल्याचं दूधवाला बघेल, ही वही माझी. पोटात आनंद मावत नाहीये आणि सांगायला घरात कोण आहे? माझा लेक गिरीराज आणि सूनबाई मैसूरला, बदलीच्या गावी. इथं मल्लेश्वरमच्या घरात मी आणि माझी नात स्मृती. ती सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते.

तर आनंद असा की स्मृतीला डोंगरावर नोकरी लागली. आमच्या होन्नेगुड्ड्यावर! आधी ती मारतहळ्ळीला काचेच्या इमारतीत होती. तिथं काय करते ते तिनं मला कितीदा सांगितलं आणि दरवेळी मी समजल्यासारखी मान हलवली. हे काम मात्र एकदा सांगितलं आणि कळलं. डोंगरावर आता कलाकेंद्र आहे, तिथं आमच्या जुन्या दिवसांचं म्युझियम करायचं आहे, आणि ते करणार कोण, तर माझी स्मृती. मी तिची दृष्टच काढली. ती म्हणाली, "अज्जी, केसांना मिरच्यांचा वास येतोय, मीटिंग आहे." येऊ दे.

मी शाळेत तिसरीपर्यंत. जोडाक्षरं डोंगरावर शिकले, भाकऱ्या भाजता भाजता, रघुजीअण्णांकडून. इथं काही चुकलं तर ते अण्णांचं चुकलं असं समजायचं.

अण्णा म्हणजे आमच्यातलेच, जुन्या बेंगळुरातले मराठे. वडिलांचं चिक्कपेटेत कापडाचं दुकान. हा मुलगा गादीवर बसायचं सोडून कनकपुरा रस्त्याच्या आतल्या बाजूला एका उघड्या डोंगरावर जाऊन बसला. म्हणाला, इथं जात नाही, मालक नाही, माझं-तुझं नाही. चूल एक, पंगत एक. आमचे हे अण्णांचे मित्र. लग्न झालं तसं मला विचारलं, "डोंगरावर राहशील का?" मला वाटलं फिरायला नेताहेत. हो म्हटलं. हातात पाटी दिली मातीची, पहिल्याच दिवशी!

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. एळ्ळु-बेल्लाचा, म्हणजे आपल्या तिळगुळाचा, डबा घेऊन वर गेले, स्मृतीच्याच गाडीतनं. आधी दोन बस बदलून जायची, मग चढ. आता थेट वरपर्यंत डांबर.

बाई बाई, काय केलंय! आमच्या गोठ्यात कॉफीचं दुकान. जिथं आमची गौरी म्हैस बांधायचो तिथं एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं, इथं म्हैस व्यालेली. तिनं पाय वर घेतले. शनिवार-रविवारी शहरातली पोरं येतात, मडकी करतात, गातात, नाचतात, गवतावर उताणी पडतात. छान आहे. आम्हाला कुठं उताणं पडायला वेळ होता!

केंद्राचे मोठे म्हणजे यशोवर्धन सर. पुण्याचे. माझ्या पाया पडले. "अज्जी, तुम्ही आमचा इतिहास आहात," म्हणाले. मी म्हटलं, "इतिहासाचे गुडघे दुखतात, आधी खुर्ची द्या." खूप हसले. सभ्य माणूस.

मग यल्लव्वाकडं. यल्लव्वा माझ्यापेक्षा मोठी, अथणीकडची, बालविधवा. आम्ही दोघींनी मिळून स्वयंपाकघराच्या भिंतींची माती वाहिली. सगळे एकेक करून खाली उतरले, ती उतरलीच नाही. जुन्या चुलीला लागून तिची खोली आहे, अजून तिथंच राहते, स्वतःपुरती भाकरी करते. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय जमनाक्का? वाटलं मेलीस का काय." वर्षभरानं भेटलं की ती हेच म्हणते.

स्मृतीला फळी दाखवली. लिहून ठेवते, कारण ही आमच्या डोंगराचीच रीत, दुसरीकडं नाही. स्वयंपाकघरात भिंतीला एक लांब फळी. जो डोंगरावर राहायला आला त्याची एक जर्मनची ताटली त्या फळीवर. नाव नाही, कारण नावात जात येते. तर खाली खिळ्यानं खूण. माझी मिरची, यल्लव्वाचं कबूतर. जेवण झालं की ताटली धुवून फळीवर पालथी. बाहेरगावी गेलात तरी पालथी तिथंच, म्हणजे परत येणार. ज्याची ताटली फळीवर, त्याची डोंगरावर जागा, मरेपर्यंत. कोणी हाकलू शकत नाही, अण्णासुद्धा नाही. दुसऱ्याच्या ताटलीला हात लावायचा नाही. आणि ज्याला कायमचं जायचं त्यानं ती आपल्या हातानं उतरवायची. एकदा उतरवली की परत चढत नाही. पुढं ट्रस्ट झाला तेव्हा अण्णांनी हे असंच्या असं वकिलाकडून ट्रस्टाच्या कागदात घालून घेतलं. वकील हसला म्हणे. अण्णा नाही हसले.

आता फळीवर तीनच. माझी, यल्लव्वाची आणि बसवनगुडीच्या विठोजीची. गिरीराजच्या शाळेसाठी आम्ही खाली आलो तेव्हा हे म्हणाले, उतरव. मी नाही उतरवली. असू दे म्हटलं, पोरगं शिकलं की येऊ. पोरगं शिकलं, हे गेले, मी इथंच. पण ताटली आहे वर. बरं वाटतं. कोणाचं बँकेत असतं, माझं फळीवर.

स्मृतीनं सगळं फोनमध्ये भरून घेतलं. परत परत विचारत होती, "आपल्या हातानंच उतरवायची? दुसऱ्यानं काढली तर चालत नाही?" अशी गोडी लागलीय पोरीला! तिच्या बापानं आयुष्यात एक प्रश्न विचारला नाही डोंगराबद्दल.

२ फेब्रुवारी, रविवार

यशोवर्धन सर घरी आले होते. मी सकाळपासनं कोडबळी तळत होते. बरोबर एक कोटवाला गृहस्थ. त्यानं कोडबळ्याला हात लावला नाही, कॉफीसुद्धा अर्धीच. अशी माणसं मला आवडत नाहीत, पण सरांचे पाहुणे, सरी, असू दे म्हटलं. त्यानंही तेच विचारलं, ताटलीचं. कोण उतरवू शकतं, साक्षीला कोणी लागायचं का. मी म्हटलं, "साक्षीला अख्खी पंगत असायची. पण पंगतच उठली, आता कसली साक्ष?" तो सरांकडं बघून स्वल्प हसला.

सर म्हणाले, म्युझियमच्या मधोमध ताटल्या ठेवायच्या, काचेत, वरनं दिवा. जगभरातनं लोक येऊन बघतील. पण त्या तुमच्या, तुमच्याच हातानं यायला हव्यात. स्मृती माझ्या शेजारी बसली होती, माझा हात धरून. कामाला लागल्यापासनं असा हात धरायची सवय गेली होती तिची.

मी म्हटलं, "पण उतरवली तर जागा जाते ना?"

"अज्जी," स्मृती म्हणाली, "ती जुनी रीत. आता काय तू तिथं राहायला जाणार आहेस? आणि ताटली डोंगरावरच राहणार. फळीवरनं काचेत, एवढंच."

ते खरंच. ह्या भिंतीवरनं त्या भिंतीवर. मी उगाच शंका काढते. म्हातारपणी शंकाच फार येतात.

९ फेब्रुवारी, रविवार

विठोजीकडं गेले, बसवनगुडीला. लेकीकडं असतो. तोंड तेवढं चालतं, पाय नाहीत. डोंगरावर स्वयंपाकाची पाळी बायका-पुरुष सगळ्यांची, आणि विठोजीच्या पाळीला आम्ही सगळे आदल्या दिवशी जास्त जेवून घ्यायचो. सांबारात मीठ दोनदा घालायचा. एकदा घातलेलं लक्षात राहायचं नाही, बाकी सगळ्या जगाचं लक्षात.

ताटलीचं सांगितलं तर भडकला. "कोण मागतंय? सरकार का सून?"

"माझी नात मागतेय."

"तिच्या तोंडानं कोण मागतंय ते विचार. जमनाक्का, फळीवरची ताटली म्हणजे भांडं नव्हे. माझी तिथंच राहील. मी मेलो की मग काचेत घालतील नाहीतर कॉफी ठेवतील."

"तुझा कोणावर विश्वासच नाही. म्हणून तर पंखा आणलास," मी म्हटलं.

हे त्याला झोंबतं. डोंगरावर पहिला पंखा विठोजीच्या खोलीत आला. मग आमच्यात राहायला आलेल्या एका जज्जसाहेबांच्या बायकोनं आणला, मग तिसऱ्यानं. मग जेवण झालं की जो तो आपल्या पंख्याखाली. जेवणानंतर अंगणात बसायचं, बोलायचं, भांडायचं, ते बंदच झालं. अण्णा म्हणायचे, उन्हाळा जाईल, लोक परत बाहेर येतील. उन्हाळा गेला, लोक आले नाहीत.

विठोजीनं गुडघे चोळले. मग म्हणाला, "पंखा आणला, कबूल. ताटली नाही उतरवली." लेकीनं भातात तूप वाढलं, मी जेवून आले. मीठ बरोबर होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज झालं. आधी मी नको म्हणाले होते, यल्लव्वा तयार नाही म्हणून. सरांनी आणि स्मृतीनं तिला तीनदा विचारलं होतं, ती म्हणायची, "जमनाक्काला इचारा." सर हसून म्हणाले, तुम्हीच आमच्या वकील. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. आयुष्यात कोणी मला वकील म्हटलं नव्हतं.

यल्लव्वा दारात शेंगा फोडत होती. मी जवळ बसले, चार मीही फोडल्या. म्हटलं, "अगं, आपल्या ताटल्या लोक बघायला येणार. आपण गेलो तरी राहतील."

"मला काय कळतंय त्यातलं. उतरवली म्हंजे उतरवली, असं अण्णा म्हणायचा."

"अण्णांच्याच नावाचं म्युझियम आहे गं. माझी नात करतेय. माझी नात तुला फसवेल?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण दुसरा फार बघतो. "तू उचलणार?"

"आधी मी."

"मग मी बी उचलते. तू करतीस ते वाईट कसं आसंल?"

स्मृतीनं कॅमेरा लावला. "अज्जी, हळू उचल. दोन्ही हातांनी. आता म्हण, मी माझ्या इच्छेनं ही ताटली उतरवते." मी म्हटलं. ते नाटकातल्यासारखं वाटलं, मला हसू आलं. परत म्हणायला लावलं, न हसता. मग यल्लव्वा. तिचा हात दोनदा फळीला लागला. कोटवाला गृहस्थ दारात उभा होता, आजही काही खाल्लं नाही.

ताटलीखाली फळीवर गोल पांढरा डाग राहिलाय. दोन डाग. वाटलं, परत ठेवावी. पण सगळे टाळ्या वाजवत होते. स्मृतीनं मला मिठी मारली. तिचे डोळे ओले होते. किती जीव लावलाय पोरीनं आमच्या डोंगराला!

३० मार्च, उगादी

आज उद्घाटन. बेवु-बेल्ला तोंडात टाकला, कडुलिंब जरा जास्तच आला, तशीच निघाले. निळी इरकल नेसले होते. डोंगरावर असताना साड्या एका पेटीत असायच्या, ज्या दिवशी जी हाताला येईल ती. जज्जाच्या बायकोनं माझी फाटकी नेसलेली मी बघितलीय, आणि तिची जरीची मी नेसून शेण काढलेलं सगळ्यांनी बघितलंय. ही निळी मात्र माझी.

वर मंडप, सनई, फुलं. केवढी माणसं! स्मृती मंचावर. सर म्हणाले, "स्मृती आता आमच्या म्युझियमची प्रमुख." मी बाजूच्या अनोळखी बाईला सांगितलं, माझी नात. तिला दोनदा सांगितलं. परवा पेपरात फोटो येणार आहे, तो कापून देवघरात ठेवणार.

आत ताटल्या काचेत. दिव्याखाली चांदीच्या वाटत होत्या. भिंतीवर फोटो मोठे मोठे. अण्णा, पंगत, मी डोक्यावर पाटी घेऊन, कंबर कसली बारीक होती! आणि यल्लव्वाचा फोटो, एकटीचा, चुलीपाशी. खाली इंग्रजीत लिहिलेलं. अक्षरं नाही वाचता आली, आकडे वाचता आले. १९७३, म्हणजे ती वर आली ते साल, आणि मग २०२५. मी म्हटलं, "अगं, ही जिवंत आहे, गेलेल्या माणसासारखं काय लिहिलंय?"

"अज्जी, ते ह्या वर्षापर्यंतचं आहे," स्मृती म्हणाली. "पुढच्या वर्षी आकडा बदलायचा."

दरवर्षी बदलणार म्हणजे केवढं काम. पण ती करेल.

यल्लव्वा मंडपात आली नाही. खोलीत झोपली होती. सर म्हणाले, तिला बरं वाटत नाही, एकटी राहते, आता काहीतरी बघायला हवं. किती काळजी!

७ एप्रिल, सोमवार

अक्षर बघा कसं आलंय.

उगादीला यल्लव्वाला होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, द्यायच्या राहिल्या म्हणून आज मुद्दाम केल्या आणि एकटीच गेले, दोन बस बदलून, मग रिक्षा. स्मृतीला सांगितलं नव्हतं. म्हटलं अचानक जाऊन तिचं ऑफिस बघू.

यल्लव्वाची खोली उघडी. आत दोन माणसं पांढरा रंग मारताहेत. तिची पत्र्याची पेटी, दोन गोधड्या, पाटा-वरवंटा बाहेर ओसरीवर. आणि ती होन्नेच्या झाडाखाली दगडावर, डोक्यावर पदर.

मी म्हटलं, "रंग देताहेत का? बरं झालं."

तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"यल्लव्वा, काय झालं?"

"तुला ठावं न्हाई?" माझ्याकडं न बघता म्हणाली. "ताटली उतरवली न्हवं मी. आता माझी जागा न्हाई. म्हाताऱ्यांच्या हॉस्टेलात न्हेणार हायत. मारतहळ्ळीच्या म्होरं कुठं. उद्या गाडी येणार. ह्या खोलीत परदेशातली माणसं ऱ्हाणार, चित्रं काढणारी."

मला वाटलं तिचं काहीतरी ऐकण्यात चुकलं. तिचा हात धरून सरांच्या खोलीत गेले. सर उठून उभे राहिले, पाया पडायला वाकले. मी पाय मागं घेतले.

"अज्जी, रागावू नका. तिच्या भल्यासाठीच. तिथं डॉक्टर आहे, जेवण आहे, सोबत आहे. खर्च केंद्र करणार. आणि नियम तर तुमच्या अण्णांचाच. ज्यानं स्वतःच्या हातानं ताटली उतरवली..."

"काचेसाठी उतरवली!"

सरांनी फोन काढला. त्यात मी. दोन्ही हातांनी ताटली धरलेली, तोंडावर हसू, "मी माझ्या इच्छेनं ही ताटली उतरवते." मग यल्लव्वा. आधी मी, म्हणून मग यल्लव्वा.

"मग काढा ती काचेतनं. आम्ही परत ठेवतो."

"उतरवलेली परत चढत नाही, अज्जी. हे तुम्हीच तर आम्हाला सांगितलंत." आवाज किती गोड! त्या गोड आवाजापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

तेवढ्यात स्मृती आली. हातात कागद. मला बघून दारातच थांबली.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

मला वाटलं, म्हणेल, नाही अज्जी. खोटं म्हटलं असतं तरी मी मानलं असतं. शंभरदा मानलं असतं.

ती म्हणाली, "अज्जी, आपण घरी बोलू."

यल्लव्वाची पेटी रिक्षात घातली. पाटा-वरवंटा रिक्षावाला घेईना, "जास्ती भार आगुत्ते अम्मा" म्हणाला, म्हणून तिथंच राहिला. "माझ्याकडं चल," मी म्हटलं. ती बसली. भाचा आहे अथणीला, गुंडू, पण त्यानं कधी विचारलेलं नाही. तिच्याकडं दुसरं काही नव्हतं म्हणून बसली. सिग्नलला मी म्हटलं, "पाणी देऊ?" तिनं मान फिरवून बाहेर बघितलं.

होळिगे डब्यातच राहिल्या.

८ एप्रिल, मंगळवार

रात्री स्मृती आली नाही. मैत्रिणीकडं आहे, असा मेसेज.

सकाळी विठोजीचा फोन. कोणीतरी सांगितलं त्याला. मी आधीच म्हटलं, "बोल, काय बोलायचं ते बोल."

तो म्हणाला, "माझी आहे अजून वर. पण माझ्या ताटलीवर यल्लव्वाला जागा मिळत नाही. तशी रीत नाही." आणि रडायला लागला, एवढा मोठा माणूस. मी त्याला रागवायला सांगत होते, तो रडत होता.

गिरीराजला फोन केला. म्हणाला, "आई, तिचं करिअर आहे. आणि यल्लव्वाबाईंना होममध्ये सोयीचंच झालं असतं." मी फोन ठेवला. हा त्याच डोंगरावर जन्मला. यल्लव्वानं नाळ कापली त्याची.

१३ एप्रिल, रविवार

यल्लव्वा स्मृतीच्या खोलीत आहे. जेवते. आंघोळ करते. भिंतीकडं तोंड करून पडते. माझ्याशी बोलत नाही. मी वाढते, ती खाते. तिखट हवं का विचारलं तर उत्तर नाही. आम्ही पुष्कळदा भांडलोय, एकदा तिनं माझ्या अंगावर ताकाचं भांडं उपडं केलंय. पण न बोलणं हे नवीन आहे.

स्मृती जे म्हणाली होती ते एकेक आठवत बसते. "आपल्या हातानंच?" "न हसता म्हण, अज्जी." तो धरलेला हात. त्या हातात खरं किती होतं आणि कामाचं किती, हे मी चाचपून बघते, आणि सगळंच खरं वाटतं. तिचे डोळे ओले होते ते मी बघितलंय. तिला कळत होतं म्हणून ओले होते. तेव्हा मला वाटलं माया.

पेपरात फोटो आला होता तो मी कापला होता. देवघरातनं काढला. फाडवेना. पोळपाटाखाली ठेवलाय.

सगळ्यात वाईट हे नाही. तिला माझ्याकडनं ताटली हवी होती, ती मी दिली असती. मागितली असती तर, कारण सांगून मागितली असती, तरी दिली असती. मला काय करायची होती ती जागा? पण तिला यल्लव्वाची हवी होती, आणि यल्लव्वा फक्त माझ्या शब्दावर देणार होती. म्हणजे मला गळाला लावलं. माझी नात तुला फसवेल का, असं मी माझ्या तोंडानं विचारलं होतं.

२० एप्रिल, रविवार

दुपारी स्मृती आली. किल्ली होती तरी बेल वाजवली. वाळलीय. मी दार उघडलं आणि बाजूला झाले.

ती आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तिच्या पलंगावर यल्लव्वा, गोधडी घेऊन. तिथंच उभी राहिली.

"अज्जी, मी कुठं राहू?"

"तुझ्याकडं अख्खा डोंगर आहे," मी म्हटलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "सरांनी मला सांगितलं, त्या एकट्या पडतील, मरतील एखाद्या दिवशी कोणाला कळणारही नाही. मला ते खरं वाटलं, अज्जी. आणि मला ते काम हवं होतं. दोन्ही होतं."

"मग तसं सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली नसतीस."

"मग?" मी विचारलं. "मग काय झालं असतं?"

ती नखानं फरशी कोरत राहिली. खाली रस्त्यावर केळेवाला ओरडत होता.

तर आतनं आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "पोरीला जेवाय वाढ. उपाशी दिसती."

मी दारात गेले. म्हटलं, "यल्लव्वा! गेला राग?"

ती उठून बसली. स्मृतीकडं बोट केलं. "तिच्यावर कवाच न्हवता. ती कोण माझी? नोकरीचं माणूस. साहेबानं सांगितलं, केलं. तिनं कधी माझ्याबरोबर माती वाहिली?" आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ज्यानं वाहिली त्यानं असं करू नये."

मी स्वयंपाकघरात गेले. पान वाढलं. स्मृती जेवली, खाली मान घालून. मी वाढलं पण शेजारी बसले नाही.

जेवून ती यल्लव्वाच्या दारात गेली. मला वाटलं, यल्लव्वा तोंड फिरवेल. नाही फिरवलं. म्हणाली, "बस की. पगार किती देत्यात?" मग लग्नाचं विचारलं, मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं. स्मृती हळूहळू उत्तरं द्यायला लागली. दोघी आत बोलत होत्या आणि मी बाहेर, माझ्याच घरात, कान देऊन.

कॉफी केली. दोन पेले नेऊन ठेवले. यल्लव्वानं एक घोट घेतला आणि स्मृतीला म्हणाली, "तुझ्या अज्जीला सांग, साखर जास्त झाली."

स्मृतीनं माझ्याकडं बघितलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, ऐकू आलं होतं मला.

साखर बरोबर होती. मी दुसरी करून आणली.